एकदम वाजलेली मंगलाष्टकं

माझ्या हातून झालेले घोटाळे नात्यात वाटले गेलेले आहेत. मामाच्या घरचा गिझर, आत्याच्या स्कूटरची चावी, धाकट्या काकाच्या सातबाऱ्यावर मी ठेवलेला चहाचा कप, असा एकेकाच्या नावावर एकेक. कुणाकडेही गेलो की तिथला घोटाळा जेवणाआधी पानात वाढला जातो. पण मावसबहिणीच्या लग्नातला घोटाळा कुणा एकाच्या मालकीचा नाही. तो सामाईक आहे. अख्ख्या मांडवाने तो उभ्याने पाहिलाय, मुठीत अक्षता धरून.

आधी मावशीबद्दल सांगायला हवं. श्रीरामपूरची ही माझी सख्खी मावशी आमच्या नात्यात मंगलाष्टकांसाठी प्रसिद्ध. शाळेत मराठी शिकवायची. लग्न कुणाचंही असो, मावशी आठवडाभर आधी नवरीच्या आईला फोन करून दोन्हीकडच्या माणसांची नावं, गावं आणि खोडी विचारून घेणार, त्यातून नवीन कडवं रचणार आणि लग्नात माईकसमोर पदर खोचून उभी राहणार. तिचा आवाज असा, की बुंदी गाळणारा आचारी झारा हातात धरून मांडवाच्या कडेला यायचा. माझ्या लग्नात तिने माझ्या बायकोला दोन वेळा जाहीर सावध केलं होतं. बायकोने तेव्हा ते मनावर घेतलं नाही, याची हळहळ तिला आजही आहे.

आता रीत. आमच्याकडे लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईने बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की नवरीची आई आतल्या खोलीत जाऊन देवासमोर बसते. का, ते कुणी सांगत नाही. विचारलं तर "आपल्यात नसतं" एवढंच उत्तर मिळतं, आणि ते उत्तर द्यायला प्रत्येक घरात एक माणूस नेमलेलं असतं. मावशीच्या घरात ते काम तिच्या थोरल्या जाऊबाईंकडे. आम्ही त्यांना मोठ्या काकू म्हणतो. काकू कमी बोलतात, पण त्यांनी नुसती भुवई उचलली तरी घरातल्या सुना आपापले पदर तपासून घेतात.

लेकीचं लग्न ठरल्यावर मी सावेडीतल्या माझ्या घरून भेटायला गेलो, तेव्हा मावशी गवार निवडत बसली होती. मला म्हणाली, "एवढ्या जणींच्या पोरींना सावध केलं रे. माझीच्या वेळी मात्र मी भिंतीकडे तोंड करून बसायचं."

हसत म्हणाली. पण निवडलेल्या शेंगा टोपल्यात न टाकता तिने त्या मांडीवरच्या कचऱ्यात टाकल्या, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

मी कॉम्प्युटरवाला. घरी बसून परदेशातल्या लोकांचे प्रोग्रॅम बिघडवतो आणि मग दुरुस्त करतो. मी म्हणालो, "मावशी, तू खोलीत बस. तुझा आवाज मांडवात जाईल. रेकॉर्ड करू."

तिने काकूंकडे पाहिलं. काकू लसूण सोलत होत्या. त्यांनी एक अख्खी पाकळी सोलून होईपर्यंत विचार केला आणि म्हणाल्या, "रेकॉर्डिंगला चालेल. रेकॉर्डिंग बघत नाही."

झालं. बातमी नात्यात पसरली आणि प्रत्येकाला वाटलं, आपलाही आवाज हवा. मामाने पुण्याहून कडवं पाठवलं, मागे पंखा घरघरतोय. आत्याने नाशिकहून पाठवलं, मध्येच कुकरची शिट्टी. दुबईच्या मावसभावाने गाडीत बसून गायलं आणि सावधानच्या आधी इंडिकेटर दिला, त्याची टिकटिक ऐकू येते. मावसा, म्हणजे नवरीचे वडील, यांना गाता येत नाही, त्यांनी फक्त शेवटचा हुकूम रेकॉर्ड केला: "वाजंत्री, वाजवा!" शेतात पाणी धरताना मोटरवाल्याला हाक मारावी तसा आवाज. आणि त्या हुकुमाच्या आधी, सगळ्यात शेवटचं कडवं मावशीचं. ते तिने आमच्यासमोर म्हटलं नाही. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, फोनमध्ये म्हटलं, मला पाठवलं आणि म्हणाली, "आत्ता ऐकू नकोस. मांडवातच ऐक."

मावसा म्हणाले, "आरं, हे सगळं पेनड्राईव्हात घाल अन् दे त्या साऊंडवाल्याला. त्यो लावतोय एकामागं एक. लई सोपं हाय."

इथेच ऐकलं असतं तर आज हे लिहायला काही नसतं.

"मावसा, पेनड्राईव्हने नाही होत," मी म्हणालो. "प्रत्येकाच्या फोनची फाईल वेगळी, आवाज कमीजास्त. शिवाय कडव्याबरोबर त्याचे शब्द पडद्यावर दिसले पाहिजेत. मी स्क्रिप्ट लिहितो."

"म्हंजी?"

"म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकुमांची चिठ्ठी. हे कर, मग ते कर. मी एकदा बटण दाबायचं आणि उभं राहायचं."

"उभं ऱ्हायला कशाला पायजेल तू? त्यो साऊंडवाला उभाच हाय की."

मी दुर्लक्ष केलं. शिकलेल्या माणसाला ते चांगलं जमतं.

आता घोटाळा कळायला एवढंच ध्यानात ठेवा. स्क्रिप्टमधून हुकूम सोडला, म्हणजे 'ही फाईल बदल' किंवा 'ही फाईल वाजव' असं सांगितलं, की कॉम्प्युटर ताबडतोब एक वचन देतो. त्याला आमच्या धंद्यात प्रॉमिसच म्हणतात. "करतो साहेब, झालं की कळवतो." घरातल्या कुणाला दळण आणायला पाठवलं आणि तो "आणतो" म्हणाला, तसंच. आता तो दळण घेऊन येईपर्यंत थांबायचं, की तोवर दुसऱ्याला दुधाला आणि तिसऱ्याला भाजीला पिटाळायचं, हे आपण ठरवायचं. थांबायचं असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. नाही लिहिलं तर स्क्रिप्ट कुणासाठी थांबत नाही.

पहिलं काम होतं सगळ्यांची रेकॉर्डिंग एका साच्यात आणायचं. त्यात थांबण्याची गरजच नव्हती. सगळ्या फाईलींना एकदम पिटाळलं, सगळी वचनं गोळा केली, आणि मावशीचा चहा उकळेपर्यंत फाईली तयार. मी एवढा खूश झालो, की वाजवण्याच्या कामासाठी त्याच ओळी उचलून खाली चिकटवल्या आणि 'बदल'च्या जागी फक्त 'वाजव' लिहिलं.

कुणालाही एकमेकांसाठी थांबायला सांगितलं नाही.

चाचणी घेतली. नाही असं नाही. पण मावशी आत पडली होती आणि तिचं कडवं मांडवातच ऐकायचं होतं, म्हणून आवाज बंद करून घेतली. पडद्यावर भराभर ओळी आल्या: मामा सुरू, आत्या सुरू, दुबई सुरू, सगळे सुरू. वाह, मी म्हणालो, काय वेग आहे. मंगलाष्टकं डोळ्यांनी तपासणारा माणूस आमच्या जिल्ह्यात तरी मीच असेन.

वर आणखी एक शहाणपण केलं. ऐन लग्नात माझी स्क्रिप्ट बंद पडली तर? म्हणून अशी सोय केली, की एकदा वाजायला लागलेलं कडवं स्क्रिप्टशी फारकत घेईल. स्क्रिप्ट मेली तरी कडवं पूर्ण होईल. ही सोय मात्र अतिशय उत्तम चालली.

लग्न कोल्हारजवळच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. दुपारचा मुहूर्त, भर उन्हाळा. कूलर गरम हवा फेकत होते. लग्नाची दाट तीथ; गुरुजींचं त्या दिवसातलं हे तिसरं लग्न. त्यांचा घसा बसून त्यातून नुसती हवा येत होती. मला बघून ते म्हणाले, "तुमचं यंत्र आहे ते देवानेच पाठवलं. मी नुसती मान हलवतो."

साऊंडवाल्याने माझ्या लॅपटॉपला वायर जोडली. भिंतीएवढे दोन स्पीकर होते. तो म्हणाला, "सर, एक डाव आवाज चेक करू का?"

"झालाय चेक," मी म्हणालो.

नवरा-नवरी समोरासमोर उभे राहिले. दोघा मामांनी मध्ये अंतरपाट धरला. माझी मावसबहीण हार धरून खाली बघत होती. एकदा तिने मान वळवून वधूपक्षाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं. आत मावशी, दारात मोठ्या काकू खुर्ची टाकून. गुरुजींनी मान हलवली. मांडव शांत झाला.

मी बटण दाबलं.

त्यानंतर जे बाहेर पडलं त्याला काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मामा, आत्या, दुबई, काका, दोन चुलतबहिणी, मावशी, सगळे एकाच श्वासात, वेगवेगळ्या पट्टीत, त्या भिंतींएवढ्या स्पीकरांतून एकदम अंगावर आले. पंखा, कुकर आणि इंडिकेटर वेगळे. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून त्याच्याकडे संशयाने पाहिलं. पाळण्यातलं एक पोर रडायचं थांबलं.

आणि ह्या सगळ्यात सर्वांत छोटी फाईल मावसांची. ती सगळ्या गलक्याला भेदून बाहेर आली: "वाजंत्री, वाजवा!"

बँडवाल्यांना दुसरं काय कळणार? वाजवा म्हटलं, वाजवलं. बँड ऐकून बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. फटाके ऐकून मांडवाने मुठी मोकळ्या केल्या. आमच्याकडचा पाहुणा अक्षता अर्ध्या मुठीने टाकत नाही, आणि टाकल्यावर उभाही राहत नाही. मागच्या चार रांगा वळून जेवणाच्या हॉलकडे चालायला लागल्या. इकडे एका मामाने अंतरपाट खाली सोडला आणि दुसऱ्याने धरून ठेवला. तो तिरका होऊन लोंबला. नवऱ्याने गोंधळून हार वर उचलला.

"थांबा!" गुरुजी ओरडले. म्हणजे ओरडले असावेत. मला फक्त त्यांचं तोंड दिसलं. ते अंतरपाटाचं टोक स्वतः हवेत उंच धरून उभे राहिले. "लागलं नाही लग्न! वर धरा, वर!"

मी स्क्रिप्ट बंद केली. आवाज चालू. पुन्हा बंद केली; बंद होतीच. मग विंडो बंद केली. पडदा काळा, स्क्रिप्टचा मागमूस नाही आणि माझे सगळे नातेवाईक स्पीकरमधून गातायत. आत्याचा कुकर दुसरी शिट्टी देतोय. ह्यांना मीच मोकळं सोडलं होतं. आता ते कुणाचं ऐकणार नव्हते.

शेवटी साऊंडवाल्याने मला खांद्याने बाजूला केलं आणि वायर उपटली.

नवऱ्याचे वडील माझ्याकडे बघत होते. मावसा माझ्याकडे बघत होते. मी लॅपटॉपकडे बघत होतो.

"इंजिनिअर," मावसा शांतपणे म्हणाले, "पेनड्राईव्ह हाय का?"

पेनड्राईव्ह सावेडीत होता, आणि लॅपटॉपमध्ये मोकळी सुटलेली मंडळी वायरीशिवायही गातच होती.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्त चाललाय. कुणीतरी म्हणा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काहीही म्हणा, पण शुभमंगल म्हणा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रत्येक लग्नात मावशी गायची, म्हणून मंगलाष्टकं दुसऱ्या कुणी पाठच केली नव्हती; रेकॉर्डिंगवाल्यांनीही कागदात बघून म्हटली होती. एका वहिनीने सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत अडकली.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. मावशी उंबऱ्यापाशी आली होती. "काय झालं? कोण पडलं?"

"आत जा," काकू खुर्चीतून उठत म्हणाल्या. "बघू नकोस."

"जाऊबाई, ते खोळंबलेत."

"आपल्यात नसतं."

मावशीने मांडवाकडे पाहिलं नाही. एकदाही नाही, मी शपथेवर सांगतो, कारण मी तिच्याशिवाय कुठे बघूच शकत नव्हतो. तिने उंबऱ्याच्या आत उभ्या उभ्या पाठ फिरवली, तोंड भिंतीकडे केलं आणि हात मागे पसरला. "मी बाहेर आले नाही. मी बघत नाही. माईक द्या."

काकूंची भुवई वर गेली. आम्ही सगळे त्या भुवईकडे बघत राहिलो. मग काकूंनी खुर्ची एका हाताने बाजूला सरकवली.

माईकची वायर मांडव ओलांडून जेमतेम दारापर्यंत पोचली. हॉलकडे गेलेले पाहुणे परत फिरले. कुणाच्या हातात अक्षता उरल्या नव्हत्या. आचाऱ्याने साध्या तांदळाचं घमेलं आणलं, कुणीतरी त्यात मूठभर हळद कालवली, आणि ते घमेलं रांगांतून फिरलं.

आणि मावशी भिंतीकडे तोंड करून गायली.

काय गायली ते इथे लिहिणार नाही. ते तिच्या लेकीचं आहे. एवढंच सांगतो, की पहिल्या ओळीला आवाज कापत होता, तिसऱ्या ओळीला कापायचा थांबला, आणि त्या कडव्यात नावं नव्हती, गावं नव्हती, कुणाची खोड नव्हती. अंतरपाटाच्या वरून मावसबहिणीचं कपाळ तेवढं दिसत होतं, आणि मुंडावळ्या सारख्या हलत होत्या. सावधानला अख्ख्या मांडवाने सावधान म्हटलं. ओले पिवळे तांदूळ सगळ्यांच्या केसांना चिकटले. "वाजवा रं," मावसा स्वतःच म्हणाले, पण त्यांचा आवाज रेकॉर्डिंगसारखा निघाला नाही. बँडवाले आधी गुरुजींकडे बघून, खात्री करून मग वाजवायला लागले.

मावशीने माईक मागे धरला, तो घेतला गेल्यावर आत गेली आणि दार लावून घेतलं.

खरं तर इथे मी तोंड लपवून निघून जायला हवं होतं. पण पंगतीत लोक माझ्याकडे बघायला लागले, आणि एका पाहुण्याने विचारलं, "काय हो, मुद्दाम केलंत का? मावशीने गावं म्हणून?"

मला धक्काच बसला. हे मला सुचलं कसं नाही? मी नुसतं गालात हसलो. पुढच्याला म्हणालो, "काही गोष्टी कराव्या लागतात." जिलबी येईपर्यंत मी अख्ख्या रांगेत भला माणूस झालो होतो. एका बाईंनी तर डोळे पुसले.

तेवढ्यात मावशीने खोलीत बोलावलंय असा निरोप आला. मी कौतुकाच्या तयारीने गेलो.

"दार लाव," ती म्हणाली. मी लावलं. "तू बाहेर काय सांगत सुटलायस?"

"म्हणजे ते लोकच म्हणाले, मी आपलं..."

"अरे गाढवा!" तिने कपाळावर हात मारला. "मी मोकळी का सुटले? यंत्र बिघडलं, मुहूर्त चालला, नाइलाज झाला, म्हणून. आता मुद्दाम म्हणालास तर सगळे म्हणतील, मावशी-भाच्याने आधी ठरवलं होतं. रीत मोडायला नाटक केलं. जाऊबाईंनी खुर्ची बाजूला केली, त्यांना काय तोंड दाखवू मी? आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल मला. आणि पोरीच्या सासरी पहिल्या दिवशी हे?"

एवढ्या वर्षांत ती मला 'गाढवा' म्हणालीय, पण इतकं घाबरून कधीच नाही.

"मग काय करू?"

"खरं सांग. घोळ घातला म्हणून सांग. तुला काय अवघड आहे? सगळ्यांना पटेल."

तर मी परत पंगतीत गेलो. रांगेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका पानासमोर वाकून सांगत गेलो, की मुद्दाम नव्हतं, माझ्याकडून एकेकाला थांबवायचं राहिलं, मला नीट येत नाही. मघाशी डोळे पुसणाऱ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या जिलबीत माशी घातलीय. लोकांना पटायला वेळ लागला नाही. मावशीचं बरोबर होतं.

रांगेच्या शेवटी मोठ्या काकू भात वाढत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "काकू, मावशीचं काही ठरलेलं नव्हतं हो. चूक माझी. देवाशपथ मला ते करता येत नाही."

काकूंनी भाताचं भांडं कमरेवर पेललं. पंगतीकडेच बघत होत्या.

"माझ्या दोन्ही पोरींच्या वेळी मी खोलीत बसले," त्या म्हणाल्या. "भिंतीवरच्या पालीला नमस्कार केला. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही."

मग पुढच्या पानाकडे वळताना म्हणाल्या, "बिघडायला पाहिजे होतं रे."

त्यांनी माझ्या हातात वरणाची बादली दिली आणि म्हणाल्या, "चल, वाढायला लाग. एकेकाला. एकदम ओतू नकोस."